पंचांग उघडा आणि मुहूर्त स्वतः काढा

मंगलाष्टकं संपत आली की गुरुजींचा आवाज चढतो. 'तदेव लग्नं सुदिनं तदेव, ताराबलं चंद्रबलं तदेव...' अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना हार धरलेले हात आणि मागे मुठीत अक्षता घेऊन आपण. हा श्लोक मी किती लग्नांत ऐकला असेल याची गणती नाही. पण त्यातलं ताराबळ बोटांवर मोजून काढता येतं, हे मला तिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं.

कळलं ते फजिती झाल्यावर. घराच्या वास्तुशांतीला मी मोठ्या हौसेनं मोबाइलच्या ॲपवरून अभिजित, म्हणजे भर मध्यान्हीचा, मुहूर्त काढला, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला आणि मग गुरुजींना कळवला. ते म्हणाले, "अहो, हा पुण्याचा अभिजित नव्हे. ॲपमध्ये गाव कुठलं लावलंय ते बघा." गाव होतं वाराणसी. पुणे आणि काशी यांच्या मध्यान्हात छत्तीस मिनिटांचा फरक, आणि अभिजित जेमतेम अठ्ठेचाळीस मिनिटांचा. मी सगळ्यांना सांगून बसलेली वेळ आमच्या गावी बहुतांशी अभिजित नव्हतीच.

त्यानंतर पंचांग नीट वाचायला लागलो आणि एक गोष्ट पक्की समजली. मुहूर्त म्हणजे तीन घड्याळांचा मेळ. पहिलं आकाशाचं: तिथी, नक्षत्र, योग, करण. हे सगळ्यांना एकच. दुसरं गावाचं: सूर्योदय, सूर्यास्त, लग्न (म्हणजे पूर्वेला उगवत असलेली रास), राहुकाळ. हे गावागणिक बदलतं. तिसरं आपलं स्वतःचं, जन्मनक्षत्राचं. ते कुठे छापलेलं नसतं, आपणच लावायचं असतं. मुहूर्ताचे बहुतेक घोळ ही तीन घड्याळं एकमेकांत मिसळल्यामुळे होतात.

शुभ-अशुभ मानावं की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. चंद्र रेवतीत किती वाजता शिरतो हे गणित आहे. रेवती गृहप्रवेशाला चांगलं, ही परंपरा आहे. इथे दोन्ही वाचायची कशी, तेवढंच सांगतो.

आधी पंचांग कोणतं ते ठरवा

घरात चालत आलेलं एकच पंचांग धरा. महाराष्ट्रात बहुतेक घरांत सोलापूरचं दाते पंचांग असतं, नाहीतर भिंतीवर १९७३ पासून निघणारं कालनिर्णय. काही घरांत, विशेषतः कोकणात, टिळक पंचांग चालतं. त्याचे अयनांश वेगळे असल्यामुळे नक्षत्रांच्या वेळा आणि कधीकधी चक्क अधिक मासही इतरांपेक्षा वेगळा येतो. चूक कोणाचीच नसते, मोजायला सुरुवात कुठून करायची यावरचा तो जुना वाद आहे. जुन्या ग्रंथांवरून केलेलं गणित आकाशाशी जुळेना, म्हणून एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे यांनी प्रत्यक्ष वेधांशी जुळणाऱ्या पंचांगाचा आग्रह धरला आणि पुढे लोकमान्यांनी तो उचलून धरला. आज आपण वापरतो ती बहुतेक पंचांगं याच दृक्‌गणिताची. तेव्हा तिथी एका पंचांगातून, नक्षत्र दुसऱ्यातून आणि मुहूर्त तिसऱ्या ॲपमधून, अशी भेळ करू नका.

वर्ष तपासून घ्या. गेल्या वर्षीचं पंचांग हाती लागून तारीख ठरवलेली माणसं मी पाहिली आहेत. गुढीपाडव्यानंतर इसवी सनातून ७८ वजा केले की शालिवाहन शक मिळतो. २०२६ च्या पाडव्याला शके १९४८ लागलं. संवत्सराचं नाव संकल्पात लागतं. त्यासाठी शकात १२ मिळवून ६० ने भागा आणि बाकी प्रभव या पहिल्या संवत्सरापासून मोजा. १९४८ अधिक १२ म्हणजे १९६०, बाकी ४०, चाळिसावा संवत्सर पराभव. नाव ऐकून दचकू नका, साठ वर्षांनी प्रत्येकाची पाळी येते.

महिना आपल्याकडे अमांत, म्हणजे अमावास्येला संपणारा. उत्तरेत तो पौर्णिमेला संपतो. म्हणून हिंदी ॲपवर श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस सुरू होतो. शुक्ल पक्षात दोघांचा महिना एकच, घोळ होतो तो कृष्ण पक्षात.

एक ओळ वाचायला शिका

पंचांगात प्रत्येक दिवसाची एक ओळ असते: तारीख, वार, तिथी आणि ती संपण्याची वेळ, नक्षत्र आणि ते संपण्याची वेळ, मग योग, करण, सूर्योदय, सूर्यास्त, चंद्ररास. एक सवय लावून घ्या. पंचांगात छापलेली वेळ ही समाप्तीची असते, सुरुवातीची नव्हे. 'दशमी २१-१०' याचा अर्थ रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी दशमी संपते. ती सुरू कधी झाली, हे आदल्या ओळीत नवमी कधी संपली त्यावरून कळतं. काही ठिकाणी मध्यरात्रीनंतरची वेळ २५-४० अशी छापतात. ती पहाटेची १-४०, पण वार मात्र आदलाच. कारण आपला वार सूर्योदयाला बदलतो, रात्री बाराला नाही. रविवारी पहाटे तीनला जन्मलेलं मूल पंचांगाच्या हिशेबात शनिवारचं.

तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर. दर १२ अंशांना एक तिथी, महिन्यात तीस. चंद्राची चाल कमीजास्त होत असल्यामुळे तिथी कधी वीस तासांत आटोपते, तर कधी सव्वीस तासांच्या वर रेंगाळते. नक्षत्र म्हणजे चंद्र कुठल्या घरात आहे ते. २७ घरं, प्रत्येक १३ अंश २० कलांचं. सूर्य आणि चंद्र यांच्या भोगांची, म्हणजे राशीचक्रातल्या अंशांची, बेरीज करून तिचेही असेच २७ भाग केले की योग. आणि अर्धी तिथी म्हणजे करण.

करणांपैकी एकच लक्षात ठेवा, विष्टी. हिलाच भद्रा म्हणतात आणि शुभकार्याला ती टाळतात. तिच्या जागा ठरलेल्या आहेत. शुक्ल पक्षात चतुर्थी आणि एकादशीचा उत्तरार्ध, अष्टमी आणि पौर्णिमेचा पूर्वार्ध. कृष्ण पक्षात तृतीया आणि दशमीचा उत्तरार्ध, सप्तमी आणि चतुर्दशीचा पूर्वार्ध. दरवर्षी राखीपौर्णिमेला 'भद्रा कधी संपतेय?' म्हणून जो गोंधळ उडतो, त्याचं मूळ इथे आहे. पौर्णिमेचा पूर्वार्ध ही नेहमीच भद्रा. एक खाच मात्र सांभाळा. द्वितीया, सप्तमी, द्वादशी या तिथींच्या गटालाही 'भद्रा' हेच नाव आहे आणि त्या तिथी चांगल्या मानतात. नाव एक, गोष्टी दोन.

तिथी आकाशाची, सूर्योदय गावाचा

तिथी संपते तो क्षण मुंबईत आणि नागपुरात एकच. पण सूर्योदय नागपुरात पंचवीसेक मिनिटं आधी होतो. आणि दिवसाला नाव मिळतं ते सूर्योदयाला जी तिथी असेल तिचं. एखादी तिथी दोन सूर्योदय पाहते, तेव्हा वृद्धी. एकही सूर्योदय पाहत नाही, तेव्हा क्षय.

२०२६ चा गुढीपाडवा हे याचं सुरेख उदाहरण. १९ मार्चला अमावास्या संपली सकाळी ६-५३ च्या सुमारास. मुंबईचा सूर्योदय त्याआधी, साधारण ६-४४ ला. म्हणजे सूर्योदयाला अमावास्या. मग प्रतिपदा लागली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचच्या आत संपूनही गेली. चैत्र शुद्ध प्रतिपदेनं महाराष्ट्रात एकही सूर्योदय पाहिला नाही. तरीही गुढी उभारली ती १९ लाच, कारण प्रतिपदा असलेला दिवस तोच.

सणांचं आणखी एक आहे. प्रत्येक सणाला तिथी दिवसाच्या ठराविक भागात हवी असते. गणेश चतुर्थी आणि रामनवमीला मध्यान्ही, संकष्टीला चंद्रोदयाच्या वेळी, लक्ष्मीपूजनाला प्रदोषात, म्हणजे सूर्यास्तानंतर, जन्माष्टमीला मध्यरात्री. यालाच 'व्यापिनी' म्हणतात. २०२४ साली अमावास्या ३१ ऑक्टोबरच्या दुपारी लागून १ नोव्हेंबरला संध्याकाळी ६-१७ पर्यंत होती. मुंबईत त्या दिवशी सूर्य ६-०५ च्या आसपास मावळला, म्हणजे प्रदोषात अमावास्या जेमतेम बारा मिनिटं. पण ती दोन्ही दिवशी प्रदोषात होती, आणि अशा वेळी दुसरा दिवस घ्यावा, या नियमानं आपल्याकडे लक्ष्मीपूजन १ तारखेला झालं. उत्तरेत अनेकांनी ३१ लाच केलं. तेव्हा 'कॅलेंडरवाल्यांची चूक' म्हणण्याआधी ही व्यापिनी बघावी.

परदेशातल्या मराठी घरांसाठी एक वाक्य. भारतात छापलेलं पंचांग न्यू जर्सीच्या स्वयंपाकघरात टांगून चालत नाही. इथे सकाळी साडेआठला संपणारी तिथी तिथे हिवाळ्यात आदल्या रात्री दहालाच संपलेली असते. तिथल्या गावाचं पंचांग काढावं.

मग नको ते काळ गाळा

शोध तारखेपासून सुरू करू नका, महिन्यांपासून करा. मोठी चाळण आधी. अधिक मास सोडा; साधारण साडेबत्तीस महिन्यांनी येतो, शके १९४८ मधला अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून २०२६. चातुर्मास, म्हणजे आषाढ शुद्ध एकादशी ते कार्तिक शुद्ध एकादशी, विवाह-मुंजीला सोडतात, आणि तुळशीचं लग्न लागलं की माणसांची सुरू होतात. भाद्रपदातला पितृपक्ष तर सगळ्याच मंगलकार्यांना वर्ज्य. पौषात आपल्याकडे लग्नं टाळतात.

गुरू-शुक्राचा अस्त म्हणजे हे ग्रह सूर्याच्या इतके जवळ येतात की दिसत नाहीत. त्या काळात विवाह, मुंज, वास्तुशांत नको म्हणतात. अस्ताच्या तारखा पंचांगाच्या सुरुवातीच्या पानांवर असतात आणि तिथे कोणी बघत नाही. बघा. गुरू सिंह राशीत असतो तेव्हा सिंहस्थ, नाशिक-त्र्यंबकेश्वरचा कुंभ भरतो तो काळ. ३१ ऑक्टोबर २०२६ ला गुरू सिंहेत जातो. सिंहस्थात लग्न नको म्हणणारे आहेत, आणि हा दोष गंगा-गोदावरीच्या मधल्या प्रदेशापुरताच धरावा, असं सांगणारंही वचन आहे. म्हणजे तुमचं गाव गोदेच्या दक्षिणेला असेल तर काळजी बरीच हलकी.

उत्तरेकडून व्हॉट्सॲपवर येणारं होलाष्टक, म्हणजे होळीआधीचे अशुभ मानलेले आठ दिवस, आपण धरू नये. ज्या वचनावर ते उभं आहे त्यातच बियास, रावी, सतलज यांचे काठ आणि पुष्कर अशी नावं घेतलेली आहेत. भीमा-कृष्णेच्या काठी त्याचं काम नाही.

आणि हे सगळं गाळून काहीच उरलं नाही तर? नोकरीची रजा, परदेशी परतायचं विमान, आजोबांची तब्येत, कारणं खरी असतात. पंचांगकर्त्यांनाही ती ठाऊक आहेत. म्हणूनच मुख्य मुहूर्तांखेरीज गौणकाळातले, आपत्काळातले मुहूर्त वेगळे छापलेले असतात. गुरुजी ज्याला 'काढीव मुहूर्त' म्हणतात तोही असतोच. माझं मत विचाराल तर अडीच वर्षं थांबण्यापेक्षा काढीव मुहूर्त बरा.

साडेतीन मुहूर्तांबद्दल. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, विजयादशमी हे पूर्ण आणि दिवाळीचा पाडवा अर्धा. खरेदी, नवी वही, दुकानाचं उद्घाटन याला त्या दिवशी काही बघावं लागत नाही. लग्नाला मात्र तेवढ्यावर विसंबू नका. दसरा आणि दिवाळीचा पाडवा दोन्ही चातुर्मासात येतात, हे एवढ्या लोकांच्या लक्षात कसं येत नाही कोण जाणे.

दिवस निवडा: नक्षत्राला पहिला मान

तिथीत चतुर्थी, नवमी, चतुर्दशी या रिक्ता, म्हणजे रिकाम्या. त्या आणि अमावास्या सोडा. योगांमध्ये व्यतिपात आणि वैधृती पूर्ण टाळतात. विष्कंभ, शूल, गंड, व्याघात यांसारख्यांच्या सुरुवातीच्या काही घटी टाळल्या की पुरतं. घटी म्हणजे चोवीस मिनिटं.

खरा भर नक्षत्रावर द्या. कामाचा स्वभाव आणि नक्षत्राचा स्वभाव जुळायला हवा, एवढंच यामागचं तत्त्व आहे. टिकून राहावं असं काम असेल, पाया, गृहप्रवेश, तर स्थिर नक्षत्रं: रोहिणी आणि तिन्ही उत्तरा. हलतं काम, गाडी किंवा प्रवास, तर चर: पुनर्वसू, स्वाती, श्रवण, धनिष्ठा, शततारका. झटपट चालावं असं, दुकान किंवा व्यवहार, तर अश्विनी, पुष्य, हस्त. मृग, चित्रा, अनुराधा, रेवती ही मृदू, बहुतेक मंगलकार्यांना चालणारी. भरणी, मघा, तिन्ही पूर्वा उग्र, आणि आर्द्रा, आश्लेषा, ज्येष्ठा, मूळ तीक्ष्ण.

विवाहाची यादी मात्र स्वतंत्र आहे: रोहिणी, मृग, मघा, उत्तरा (फाल्गुनी), हस्त, स्वाती, अनुराधा, मूळ, उत्तराषाढा, उत्तराभाद्रपदा, रेवती. उग्र मघा आणि तीक्ष्ण मूळ यात आहेत, आणि सगळे ज्याच्यामागे धावतात तो पुष्य नाही. गुरुपुष्यामृताला सोनं जरूर घ्या, लग्न लावू नका. वार आणि नक्षत्र यांच्या मेळातून होणारे अमृतसिद्धी योगही असेच सरसकट घ्यायचे नसतात. मंगळवारी अश्विनी आली तर अमृतसिद्धी खरा, पण गृहप्रवेशाला नाही. शनिवारी रोहिणी आली तर प्रवासाला नाही.

ताराबळ आणि चंद्रबळ: तुमचं स्वतःचं घड्याळ

ज्याचं कार्य त्याचं जन्मनक्षत्र आणि जन्मरास हवी. लग्नात वधू-वर दोघांची, वास्तुशांतीला यजमान पती-पत्नींची.

जन्मनक्षत्रापासून त्या दिवशीच्या नक्षत्रापर्यंत मोजा, दोन्ही टोकं धरून. नवापेक्षा जास्त आलं तर नवानं भागून बाकी घ्या, बाकी शून्य आली तर नऊ. क्रम असा: जन्म, संपत, विपत, क्षेम, प्रत्यरी, साधक, वध, मैत्र, अतिमैत्र. तिसरी, पाचवी, सातवी तारा टाळायची. पहिली मध्यम, बाकीच्या चांगल्या. जन्मनक्षत्र रोहिणी आणि दिवसाचं नक्षत्र स्वाती असेल, तर रोहिणीपासून स्वाती बारावं. नऊ वजा केले, उरले तीन, विपत. सोडा. उत्तरा आलं तर नववं, अतिमैत्र. घ्या. झालं ताराबळ!

चंद्रबळ त्याहून सोपं. जन्मराशीपासून त्या दिवशीची चंद्ररास मोजा. पहिला, तिसरा, सहावा, सातवा, दहावा, अकरावा चंद्र चांगला. दुसरा, पाचवा, नववा शुक्ल पक्षात चालतो. चौथा, आठवा, बारावा नको. आपली माणसं 'आठवा चंद्र आहे आज' म्हणतात ते हेच.

शेवटी घड्याळ: लग्न आणि बाकीच्या वेळा

लग्न म्हणजे त्या क्षणी पूर्व क्षितिजावर उगवत असलेली रास. दिवसरात्रीत बाराही राशी उगवतात, म्हणून एक लग्न साधारण दोन तास. सूर्योदयाला लग्न असतं ते सूर्याच्या राशीचंच. तिथून पुढे मोजत जायचं. पूर्वी ही वेळ साधायला घंगाळात पाणी भरून तळाला बारीक भोक असलेली वाटी त्यावर सोडत, घटिकापात्र. ती भरून बुडाली की एक घटी झाली. आता मोबाइल आहे, तरी पाचच्या मुहूर्ताला साडेपाचला अक्षता पडतात, कारण मामा अजून मुलीला घेऊन आलेला नसतो.

स्थिर कामांना वृषभ, सिंह, वृश्चिक, कुंभ ही स्थिर लग्नं उत्तम, मिथुन, कन्या, धनू, मीन चालतील अशी. आपल्या जन्मराशीपासून आठवं लग्न टाळावं.

लग्नशुद्धी, म्हणजे निर्दोष लग्नरास, जमत नसेल तर अभिजित. सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे पंधरा भाग करा, आठवा भाग तो. गावाच्या मध्यान्हाच्या अलीकडे-पलीकडे चोवीस-चोवीस मिनिटं. घड्याळाच्या बाराला मध्यान्ह धरू नका. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं, आणि एका रेखांशाला चार मिनिटं, म्हणून मुंबईचा मध्यान्ह सरासरीनं १२-३९ ला येतो. संध्याकाळचा गोरज मुहूर्तही याच कामाचा, बहुतेक दोष त्यात झाकले जातात असं मानतात.

राहुकाळ हा मूळचा दक्षिणेचा रिवाज. आपल्या आजी-आजोबांनी तो कधी धरला नव्हता, ॲप आल्यावर आपण धरायला लागलो. धरायचाच असेल तर नीट धरा. दिवसाचे आठ भाग. सोमवारी दुसरा, शनिवारी तिसरा, शुक्रवारी चौथा, बुधवारी पाचवा, गुरुवारी सहावा, मंगळवारी सातवा, रविवारी आठवा. 'गुरुवारी दीड ते तीन' हे सहा ते सहाचा दिवस धरून झालं. चौघडिया गुजराथी व्यापाऱ्यांकडून आला. वहीपूजनाला ठीक, लग्नमुंजीला गरज नाही.

एक मुहूर्त काढून बघू

समजा पुण्यातल्या एका जोडप्याला मार्गशीर्षात गृहप्रवेश करायचाय. त्याचं नक्षत्र रोहिणी, रास वृषभ. तिचं हस्त, रास कन्या. नव्या घराचा ताबा मिळालाय, भाड्याचं घर महिनाअखेर सोडायचंय, सवड आहे ती बुधवार-गुरुवारची. पंचांगातल्या दोन ओळी अशा:

बुधवार, शुद्ध दशमी २१-१० पर्यंत, उत्तराभाद्रपदा १३-१५ पर्यंत, व्यतिपात २९-०० पर्यंत.
गुरुवार, शुद्ध एकादशी २०-४५ पर्यंत, रेवती १३-३० पर्यंत, वरीयान, भद्रा ९-०० ते २०-४५.

बुधवारी सकाळी स्थिर नक्षत्र आहे, मन तिकडे ओढतं. पण रोहिणीपासून उत्तराभाद्रपदा तेविसावं, अठरा गेले, उरले पाच: प्रत्यरी. तिचंही तेच येतं, कारण रोहिणी आणि हस्त एकमेकांपासून बरोबर नऊ नक्षत्रं दूर आहेत. अशा जोडप्यांना कायम एकच तारा, निम्मं काम वाचलं. दुपारनंतर रेवती लागते आणि तारा सुधारते, पण व्यतिपात? २९-०० म्हणजे गुरुवारी पहाटे पाच. बुधवार अख्खा गेला.

गुरुवारी रेवती: रोहिणीपासून चोविसावं, उरले सहा, साधक. दोघांनाही. चंद्र मीनेत, त्याला अकरावा, तिला सातवा. दोन्ही चांगले. एकादशीच्या उत्तरार्धात भद्रा लागते नऊला, म्हणजे हाती सूर्योदयापासून नऊपर्यंतचा वेळ. आता लग्न. डिसेंबरचा पहिला आठवडा, सूर्य वृश्चिकेत २१ अंशांवर. पुण्यात सूर्योदय ६-५३ च्या आसपास. वृश्चिकेचे नऊ अंश उरलेत, ते चाळीसेक मिनिटांत संपतील. साडेसातपासून धनू, ते वृषभेला आठवं. तेव्हा मिळालं ते हे: सूर्योदय ते साडेसात, वृश्चिक लग्न, स्थिर. लग्नी रवी आहे म्हणून एखादे गुरुजी नाक मुरडतील. त्यांना हा सगळा हिशेब दाखवा आणि त्यांचं ऐका, ते त्याच कामासाठी आहेत.

उरली पंगत. एकादशी, त्यात मोक्षदा, अर्धी माणसं उपासाची. वास्तुशांतीचा होम आणि जेवणं पुढच्या चांगल्या दिवशी ठेवता येतील. गृहप्रवेशाला गणेशपूजन, कलश आणि दूध उतू घालणं एवढं त्या चाळीस मिनिटांत बसतं. त्यासाठी गॅसची जोडणी, काडेपेटी आणि रिकामं पातेलं बुधवारीच पोचवून ठेवा. दूध मात्र सात वाजता ठेवा. थंडीत ते उतू जायला वेळ लागतो. आणि मार्गशीर्षातला गुरुवार आहे हे घरातल्या बाईच्या लक्षात तुमच्या आधी आलेलं असणार. नव्या घरात महालक्ष्मीचा पहिला घट त्याच सकाळी मांडायचा, तर पाच पत्री आणि नारळ आदल्या दिवशीच आणावे लागतील.